बेचाळीस चौकटी

डबा उघडला की आधी वास येतो,
उतरलेल्या ताकाचा, थोडा शिर्क्याचा.
फिल्म सडते ती अशी, आंबत आंबत.
मी नाकाला रुमाल लावत नाही आता.
बावीस वर्षं झाली लॉ कॉलेज रस्त्यावर,
सुती हातमोजे, दोन चकत्या, मध्ये दिव्याची काच,
आणि मागच्या टेकडीवरचा मोर, जो दुपारी
कुणी शेपटीवर पाय दिल्यासारखा ओरडतो.

आजचं रीळ : सोळा मिलिमीटर, कृष्णधवल, परदेशी,
विनोदी कार्टून, सहा मिनिटं.
एक कुत्रा, एक कोंबडा आणि एक स्टोव्ह.
मी हातानं फिरवते. हातानं फिरवलं की
हसू येत नाही, हसण्याचे सांधे दिसतात.
कोंबडा काडी लावतो. कुत्रा वाकून बघतो.
भडका.
धूर विरतो, आणि कुत्र्याचं तोंड काळं,
ओठ फुगलेले, पांढरे, डोळे वाटोळे,
डोक्यावर शेंड्या, शेंड्यांना फिती.
कुत्रा आता कुत्रा नाही. कुणीतरी आहे.
कुणीतरी, ज्याला बघून हसायचं असतं.

मोजल्या. बेचाळीस चौकटी,
पावणेदोन सेकंद.
मग तो डोकं झटकतो आणि पुन्हा पांढरा.

हे मी आधी पाहिलंय.
नाना पेठेतली शाळा, सातवी ब, शनिवार,
खिडक्यांना घोंगड्या अडकवलेल्या,
निरगुडकर सर प्रोजेक्टरच्या पाया पडल्यासारखे वाकलेले.
भडका उडाला, तोंड काळं झालं,
आणि अख्खा वर्ग पडद्याकडं नाही,
माझ्याकडं वळला.
साठ पोरी. अंधारात दात तेवढे दिसले,
त्यांचे.
सर म्हणाले, "ए, पुढं बघा, पुढं!"
सरही हसत होते.
मीही हसले.
कार्डावर याला रकाना नाही.

शेजारची हुस्ना तांबोळी नव्हती हसली.
कानाशी येऊन म्हणाली, "पुढच्यात माझा नंबर."
आणि खरंच, पुढच्यात एक दाढीवाला,
तलवारीपेक्षा नाक मोठं,
गालिच्यावरून घसरला तो थेट उकळत्या हंड्यात.
मग आम्ही दोघी बोटांवर मोजत राहिलो,
हंड्यात कोण कोण पडतं, कोण ढवळतं.
शेवटी एक फेटेवाला पडला, पुंगीसकट.
वर्ग एकदम गप्प.
"सर, हा आपल्यातला आहे का?"
सरांनी चष्मा पुसला.
"छे, छे. हा तिकडचा, उत्तरेकडचा."
वर्ग पुन्हा हसायला मोकळा.

नवे साहेब सकाळी टेबलापाशी येऊन गेले.
"ओव्हाळबाई, तेवढा तुकडा काढूनच टाका स्कॅनिंगच्या आधी.
उगाच लफडं नको."
कात्री आहे. चिकटपट्टी आहे. दोन मिनिटांचं काम.
पण कापलं तर उरतं काय?
कुत्रा वाकतो, आणि उगाचच डोकं झटकतो.
बघणाऱ्याला वाटेल, एवढंच होतं.

भिंग लावून परत एकदा बघितलं.
एकतिसाव्या चौकटीत, ओठांच्या पांढऱ्यात
अंगठ्याचा ठसा.
रंग ओला असताना कुणाचा तरी हात टेकलाय.
बाई असेल. रंग भरायला बायकाच असायच्या म्हणे,
ओळीनं बसलेल्या, पडद्यावर नाव न येणाऱ्या.
दमली असेल. जेवायची सुट्टी झाली असेल.
ठशावरून कातडीचा रंग कळत नाही.

शेऱ्यात लिहिलं :
चौकट ५३१२ ते ५३५३, तोंड काळं होतं. कापू नये.
पेन टेकवून जरा थांबले, मग पुढं लिहिलं :
सातवी ब हसली होती.
साहेब ही ओळ खोडतील. खोडू देत,
कार्बन लावलाय खाली.

जेवणाच्या सुट्टीत कोंढव्याला फोन केला.
हुस्नाच्या घरी कुकरची शिट्टी, नातवंडांचा दंगा.
सगळं ऐकून घेतलं तिनं, आणि विचारलं,
"आणि माझा दाढीवाला? तो सापडला का गं?"
म्हटलं, थांब,
अजून अकरा डबे आहेत.